खाडीत जाणाऱ्या नत्राचा हिशेब

मुंबईच्या पूर्व अंगाला, ठाण्याच्या खाडीच्या कडेला उभा असलेला ट्रॉम्बेचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याचा परिसर हा स्वतंत्र भारताच्या औद्योगिक आकांक्षांचा एक नमुनाच म्हटला पाहिजे. १९५४ च्या जानेवारीत येथे अणुशक्ती संस्थेची स्थापना झाली, १९५६ मध्ये ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली आणि १९६७ मध्ये या संस्थेला डॉ. होमी भाभा यांचे नाव देण्यात आले. त्याच काळात माहुलच्या बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने आले, औष्णिक वीजकेंद्र आले आणि १९६५ साली खताचा मोठा कारखाना उत्पादन करू लागला. हा कारखाना १९७८ पासून राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या नावाने ओळखला जातो. या सर्व उद्योगांविषयी वेळोवेळी पुष्कळ बोलले गेले आहे. तथापि ट्रॉम्बेच्या भूमीवर एक वर्तुळ पुरे होते, त्याच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. ते वर्तुळ नत्राचे आहे.

आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असतो. पण हवेतला हा नत्र वनस्पतींना थेट वापरता येत नाही. तो जखडून त्याचा अमोनिया बनवण्याची युक्ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली प्रयोगशाळेत साधली आणि १९१३ मध्ये तिचा कारखाना उभा राहिला. ट्रॉम्बेचा खतकारखाना हेच करतो. नैसर्गिक वायू आणि हवा यांपासून अमोनिया, अमोनियापासून युरिया, युरियापासून शेतातले पीक, पिकापासून धान्य आणि डाळी, आणि धान्य-डाळींतल्या प्रथिनांच्या रूपाने तोच नत्र मुंबईकराच्या ताटात येतो. वाढ पूर्ण झालेला माणूस जेवढा नत्र खातो जवळजवळ तेवढाच बाहेर टाकतो, आणि त्यातला मोठा भाग मूत्रावाटे जातो. तो मैलापाण्याच्या नळांतून वाहतो आणि पूर्व उपनगरांपुरते बोलायचे तर घाटकोपर व भांडुप येथील केंद्रांतून ठाण्याच्या खाडीत, म्हणजे ट्रॉम्बेच्याच अंगणात येऊन पडतो. वर्तुळ जवळजवळ पुरे झाले. फक्त शेवटचा दुवा राहिला. हवेतून घेतलेला नत्र हवेत परत गेला नाही, तो पाण्यात साठला.

हा शेवटचा दुवा जोडणारे कामगार निसर्गाने कोट्यवधी वर्षांपूर्वीच नेमून ठेवले आहेत. ते म्हणजे जीवाणू. त्यांच्या क्षमतेविषयी आज शंका उरलेली नाही. शंका आहे ती आपण त्यांच्याकडून हे काम मागतो की नाही, याविषयी.

आकडे काय सांगतात

प्रथम या नत्राचे मोजमाप डोळ्यांसमोर आणले पाहिजे. २०२२ साली मुंबई महानगरपालिकेने वरळी, वांद्रे, मालाड, वर्सोवा, धारावी, घाटकोपर आणि भांडुप अशा सात ठिकाणी नवी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे उभारण्याची कंत्राटे दिली. त्यांची एकूण क्षमता दररोज २४६ कोटी ४० लाख लिटर. त्यांपैकी घाटकोपरचा वाटा ३३ कोटी ७० लाख लिटरांचा आणि भांडुपचा २१ कोटी ५० लाख लिटरांचा. म्हणजे ठाण्याच्या खाडीच्या बाजूच्या या दोन केंद्रांची मिळून क्षमता दररोज ५५ कोटी २० लाख लिटर.

घरगुती मैलापाण्यात लिटरमागे साधारणपणे ३० ते ५० मिलिग्रॅम नत्र असतो. मध्यम म्हणून ४० मिलिग्रॅम धरले तर या दोन केंद्रांच्या क्षमतेइतक्या मैलापाण्यात दररोज सुमारे २२ टन नत्र निघतो. युरियात ४६ टक्के नत्र असतो, हे लक्षात घेता हा नत्र ४८ टन युरियाइतका होतो. युरियाची गोणी ४५ किलोंची असते. तेव्हा प्रत्येक दिवशी युरियाच्या हजारावर गोण्या कोणीतरी खाडीत रिकाम्या कराव्यात, असा हा प्रकार आहे. सातही केंद्रांच्या पाण्याचा असाच हिशेब केला तर गोण्यांची संख्या पावणेपाच हजारांच्या घरात जाते. हा अंदाज ढोबळ आहे हे मान्य. पण तो निम्म्यावर आणला तरी प्रश्नाचे स्वरूप बदलत नाही.

खाडी ही समुद्र नव्हे, हेही येथे विसरून चालणार नाही. वरळी आणि वांद्रे येथील पाणी समुद्राच्या तळाखालून तीन किलोमीटरांहून अधिक लांब नेऊन सोडण्याची व्यवस्था आहे. ठाण्याची खाडी मात्र सुमारे २६ किलोमीटर लांबीची, वरच्या टोकाला अरुंद आणि उथळ आहे. तेथे आलेले पाणी भरतीबरोबर पुढेमागे हेलकावत राहते, लवकर बाहेर पडत नाही. म्हणून येथे नत्राचा भार अधिक जाणवतो.

दिसणारी आणि न दिसणारी हानी

नत्राने बिघडते काय? मैलापाण्यातला बहुतेक नत्र अमोनियाच्या रूपात असतो. पाणी जितके उबदार आणि जितके अल्कधर्मी, तितका त्यातला मुक्त अमोनियाचा अंश वाढतो, आणि हा मुक्त अमोनिया माशांना विषारी असतो. आपल्याकडचे पाणी वर्षभर उबदार असते. ट्रॉम्बे आणि माहुलच्या कोळीवाड्यांतील माणसांना खाडीतल्या मासळीचे काय झाले हे सांगण्यासाठी रसायनशास्त्राची गरज नाही. या ऱ्हासाला एकटा नत्र जबाबदार आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेल, रसायने, भराव आणि गाळ यांचाही त्यात हात आहे. परंतु नत्राचा हात त्यात नाही, असेही म्हणता येणार नाही.

दुसरी हानी अधिक गुप्त आहे. पाण्यातल्या एक ग्रॅम अमोनिया-नत्राचे नायट्रेट होण्यास सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो. मैलापाणी किती शुद्ध झाले हे ठरवण्यासाठी आपण ‘बी.ओ.डी.’, म्हणजे जैविक प्राणवायू-मागणी, ही कसोटी वापरतो. आपल्या देशात ही चाचणी २७ अंश तापमानाला तीन दिवस चालते. या तीन दिवसांत सेंद्रिय मळ खाणारे जीवाणू आपले काम बरेचसे उरकतात. अमोनियावर जगणारे जीवाणू मात्र स्वभावतः मंद असल्याने त्यांचे काम पुष्कळदा सुरूही झालेले नसते. परिणामी केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्याची बी.ओ.डी. लिटरमागे २० मिलिग्रॅम, म्हणजे नियमात बसणारी, असू शकते आणि त्याच पाण्यात ३० मिलिग्रॅम अमोनिया-नत्रही असू शकतो. त्या अमोनियाची प्राणवायूची मागणी होते सुमारे १३७ मिलिग्रॅम. म्हणजे कागदावर दिसणाऱ्या कर्जाच्या जवळजवळ सातपट कर्ज खाडीच्या नावे गुपचूप टाकलेले असते. परीक्षेचा निकाल लागतो आणि खरी परीक्षा त्यानंतर खाडीत सुरू होते.

तिसरा परिणाम शेवाळाच्या बेसुमार वाढीचा. आणि येथे एक पेच उभा राहतो. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून शिवडी आणि ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे मोठ्या संख्येने येऊ लागले. २०१५ साली खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये खाडीला ‘रामसर’ पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. छोट्या रोहिताचे मुख्य अन्न नील-हरित शेवाळ हे आहे आणि मैलापाण्यातल्या पोषकद्रव्यांवर ते फोफावते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मग नत्र काढून टाकला तर पक्षी उपाशी मरणार नाहीत का, असा प्रश्न काही जण विचारतात.

प्रश्न वावगा नाही; पण त्यातून निघणारा निष्कर्ष घातक आहे. शेवाळ वाढवणारे पाणी आणि शेवाळही मारणारे पाणी यांच्यात अंतर फार थोडे असते. दिवसा प्राणवायू सोडणारे शेवाळ रात्री तोच वापरते, मेल्यावर कुजते आणि कुजताना उरलेला प्राणवायूही संपवते. आज पक्ष्यांना मेजवानी देणारी खाडी उद्या त्यांना उपासमार घडवू शकते. शिवाय शुद्धीकरणानंतरही लिटरमागे १० मिलिग्रॅम नत्र पाण्यात राहणारच आहे. भरती-ओहोटीच्या चिखलात आणि कांदळवनात नैसर्गिक पोषणही आहेच. शहराच्या बेफिकिरीला पक्षिप्रेमाचे नाव देण्याचे कारण नाही.

जीवाणूंचे दोन कारखाने

जीवाणू हे काम कसे करतात, याची कथा मैलापाण्यापासूनच सुरू होते. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्स या दोघा शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडीच्या उंच नळीतून मैलापाणी संथपणे झिरपू दिले. पहिले काही आठवडे काहीच घडले नाही. त्यानंतर खालून येणाऱ्या पाण्यातला अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली आणि ताज्या मातीचे धुवण टाकताच पुन्हा सुरू झाली. याचा अर्थ उघड होता: हे काम निर्जीव रसायनांचे नसून सजीवांचे आहे. १८९० मध्ये रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी ते सजीव वेगळे करून दाखवले. जीवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. या पहिल्या कारखान्यास भरपूर प्राणवायू लागतो.

दुसऱ्या कारखान्याचे तंत्र अगदी उलट आहे. काही जीवाणूंना प्राणवायू मिळाला नाही, की ते नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि त्यावर श्वास चालवतात. प्राणवायू निघून गेल्यावर उरतो तो निरुपद्रवी नत्रवायू. बुडबुड्यांच्या रूपाने तो हवेत मिसळून जातो. मात्र या जीवाणूंना हवा वर्ज्य असते आणि खाण्यासाठी सेंद्रिय मळ हवा असतो.

अभियंत्यांची सारी अडचण या विरोधात साठवलेली आहे. पहिल्याला हवा पाहिजे, दुसऱ्याला ती चालत नाही. पहिल्याला सेंद्रिय मळ नको, कारण त्यावर पोसणारे शीघ्रगती जीवाणू प्राणवायू पळवतात. दुसऱ्याला तोच मळ पाहिजे. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी शोधलेल्या सक्रिय गाळाच्या पद्धतीत जीवाणूंचा गाळ परत परत वापरण्याची सोय झाली. पण उद्देश होता तो सेंद्रिय मळ काढण्याचा. नत्रासाठी निराळी मांडणी लागली. १९७० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत जेम्स बर्नार्ड यांनी हवारहित टाकी आधी आणि हवेची टाकी नंतर ठेवून, नंतरच्या टाकीतले नायट्रेटयुक्त पाणी पुन्हा पहिल्या टाकीत फिरवण्याची रीत यशस्वी करून दाखवली. ताज्या मैलापाण्यातला मळ दुसऱ्या कारखान्याचे अन्न झाला. एका गटाची घाण ती दुसऱ्याची शिधासामग्री, असा हा व्यवहार.

दुसरी रीत म्हणजे एकाच टाकीत पाळ्या लावणे. पाणी भरायचे, काही काळ हवा द्यायची, काही काळ बंद ठेवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी काढून घ्यायचे. खाडीपलीकडे नवी मुंबईत वाशी, नेरुळ आणि ऐरोली येथे महानगरपालिकेने उभारलेली केंद्रे याच पाळीपद्धतीची आहेत. ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावर उभे राहिल्यास समोर दिसणाऱ्या शहराने हा मार्ग केव्हाच स्वीकारला आहे, ही गोष्ट मुंबईकरांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्या हवामानाची एक जमेची बाजूही सांगितली पाहिजे. नायट्रेट बनवणारे जीवाणू अतिशय सावकाश वाढतात. साधे जीवाणू अनुकूल परिस्थितीत अर्ध्या तासात दुप्पट होतात, तर यांना एक दिवस किंवा अधिक लागतो. युरोपात हिवाळ्यात पाणी गार झाले की त्यांचे काम मंदावते आणि टाक्या मोठ्या बांधाव्या लागतात. मुंबईचे मैलापाणी बारा महिने उबदार असते. निसर्गाने आपल्याला दिलेली ही सवलत आहे. मात्र पावसाळ्यात मैलापाण्याच्या वाहिन्यांत पावसाचे पाणी घुसले की टाकीतला मंदगती जीवाणूंचा गाळ वाहून जाण्याचा धोका असतो, आणि गेलेला गाळ आठवड्यांनी भरून येतो. म्हणजे सवलत आहे. पण तिची राखण वर्षभर करावी लागते.

ट्रॉम्बेची देणगी

येथे ट्रॉम्बेचा आणखी एक संबंध येतो. युरेनियम शुद्ध करताना आणि वापरलेल्या अणुइंधनावर प्रक्रिया करताना ते नायट्रिक आम्लात विरघळवावे लागते. त्यातून अतितीव्र नायट्रेट असलेले सांडपाणी निर्माण होते. भाभा अणुसंशोधन केंद्रापुढे हा घरचाच प्रश्न होता. त्या केंद्राच्या तमिळनाडूतील कल्पाक्कम येथील शाखेत वाय. व्ही. नांचरय्या, व्ही. पी. वेणुगोपालन आणि त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नावर जीवाणूंचा उपाय शोधला. सामान्यतः शुद्धीकरण टाकीतला जीवाणूंचा गाळ कापसाच्या पुंजक्यासारखा विसविशीत असतो आणि तळाला बसायला वेळ लावतो. टाकीतील परिस्थिती विशिष्ट प्रकारे राखली तर हेच जीवाणू एकमेकांना चिकटून साबुदाण्याहूनही बारीक, घट्ट दाणे तयार करतात.

या दाण्याची रचना मोठी बोधप्रद आहे. त्याच्या बाहेरच्या थराला पाण्यातला प्राणवायू मिळतो. तेथे अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू राहतात. आतल्या गाभ्यापर्यंत प्राणवायू पोहोचत नाही. तेथे नायट्रेटचा नत्रवायू करणारे जीवाणू राहतात. दोन टाक्यांचे काम मिलिमीटरभर दाण्यात होते. दाणे जड असल्याने काही मिनिटांत तळाशी बसतात, त्यामुळे जागाही कमी लागते. नेदरलंड्समध्ये याच तत्त्वावरचे शहरी मैलापाण्याचे केंद्र एपे या गावी २०१२ साली रीतसर सुरू झाले. भाभा अणुसंशोधन केंद्राने दाणेदार गाळाची आपली स्वतंत्र पद्धत विकसित केली असून तिचे तंत्रज्ञान उद्योगांना हस्तांतरित करण्याची व्यवस्थाही केली आहे. जागेची टंचाई ही ज्या शहराची कायमची सबब, त्या शहरात कमी जागेत काम करणाऱ्या या पद्धतीला अगत्याने वाव मिळावयास हवा.

याहून विलक्षण असा जीवाणूंचा एक वर्ग आहे. अमोनिया आणि नायट्राइट यांच्या संयोगातून, प्राणवायूवाचून आणि सेंद्रिय अन्नावाचून, ते थेट नत्रवायू बनवतात. असे जीवाणू असले पाहिजेत, हे ऑस्ट्रियाचे एंगेलबर्ट ब्रोडा यांनी १९७७ साली केवळ गणिताने सांगितले होते. १९९० च्या दशकात ते नेदरलंड्समध्ये प्रत्यक्ष सापडले आणि २००२ मध्ये रॉटरडॅमच्या डॉकहाव्हन केंद्रात त्यांना कामाला लावण्यात आले. गाळ कुजवल्यानंतर निघणाऱ्या, अमोनियाने गच्च भरलेल्या उबदार पाण्यासाठी ते फार उपयुक्त आहेत. हवा पुरवण्याच्या विजेची त्यात मोठी बचत होते. केंद्राच्या एकूण विजेपैकी निम्म्याच्या आसपास वीज हवा पुरवण्यात जाते, हे पाहता ही बचत लहान नव्हे.

कायद्याने न मागितलेले काम

शास्त्र इतके पुढे गेलेले असताना खाडीत नत्र का जातो? उत्तर प्रयोगशाळेत नाही, नियमपुस्तकात आहे. १९८६ सालच्या पर्यावरण (संरक्षण) नियमांखाली सांडपाण्यासाठी ज्या सर्वसाधारण मर्यादा घालण्यात आल्या, त्यांत अमोनिया-नत्राची मर्यादा लिटरमागे ५० मिलिग्रॅम आहे. घरगुती मैलापाण्यात मुळात नत्र असतो तोच ३० ते ५० मिलिग्रॅम! म्हणजे काहीही न करता सोडलेले मैलापाणी नत्राच्या बाबतीत उत्तीर्णच ठरते. कायदा होता, मर्यादा होती. फक्त ती कोणाला अडवत नव्हती.

२०१५ साली केंद्र सरकारने मैलापाणी केंद्रांसाठी नव्या मर्यादांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात एकूण नत्र १० मिलिग्रॅम आणि अमोनिया-नत्र ५ मिलिग्रॅम अशी कडक अट होती. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा नत्राची अट त्यातून गळालेली होती, महानगरांसाठी बी.ओ.डी.ची मर्यादा २० मिलिग्रॅम ठेवण्यात आली. ३० एप्रिल २०१९ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने ही ढिलाई अमान्य करून एकूण नत्राची १० मिलिग्रॅमची मर्यादा पुन्हा पुढे आणली. चार वर्षांत एक अट आली, गेली आणि न्यायासनामुळे परतली. पन्नास वर्षे टिकाव्यात अशा टाक्या ज्यांना बांधायच्या आहेत, त्यांनी या धरसोडीतून काय बोध घ्यावा?

अट सैल करणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नव्हे. नत्र काढण्यासाठी टाक्या मोठ्या लागतात, वीज अधिक लागते, कुशल माणसे लागतात. आणि देशातल्या कित्येक शहरांत साधे मैलापाणी गोळा करण्याचीही सोय नाही, तेव्हा आधी तेवढे तरी होऊ द्या, असा त्यांचा युक्तिवाद असतो. लहान गावांपुरता तो काही काळ मान्य करता येईल. परंतु देशातील सर्वांत धनाढ्य महानगरपालिकेला या युक्तिवादामागे दडता येणार नाही. शिवाय नत्र न काढणारे केंद्र आधी बांधायचे आणि पुढे त्यात नत्राची सोय जोडायची, हा मार्ग स्वस्त दिसतो आणि महाग पडतो; कारण टाक्यांचा आकार आणि क्रम आरंभीच ठरतो.

बाटलीतले जीवाणू

अशा वेळी सोपे उपाय पुढे येतात. २०१९ च्या आदेशांत हरित लवादाने केंद्रे उभी राहीपर्यंत नाल्यांतच पाणी काही अंशी शुद्ध करावे, न केल्यास दर नाल्यामागे दरमहा पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असे बजावले. हेतू स्तुत्य होता. परंतु नाल्यात जीवाणूंची भुकटी किंवा द्रावण ओतले की काम झाले, असा समज त्यातून पसरण्याचा धोका आहे. मैलापाण्यात जीवाणूंची कमतरता कधीच नसते. कमतरता असते ती त्यांना काम करू देणाऱ्या परिस्थितीची. ज्या नाल्यात प्राणवायू शून्य आहे, पाणी काही तासांत खाडीला मिळते आणि पाऊस आला की सर्व वाहून जाते, तेथे सावकाश वाढणारे जीवाणू कितीही ओतले तरी टिकणार कसे? दगडांचे थर, वनस्पतींची मुळे, हवेचे कारंजे अशा साधनांनी त्यांना बसायला आधार, श्वासाला हवा आणि कामाला वेळ दिला, तरच उपाय फळाला येतो. नाल्याचा वास कमी झाला म्हणजे नत्र गेला, असे समजणे भाबडेपणाचे आहे.

आणखी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. इतका इंधनखर्च करून हवेतून जखडलेला नत्र पुन्हा हवेत सोडून देणे ही उधळपट्टी नाही का? तो शेताला का देऊ नये? तत्त्वतः हे म्हणणे बरोबर आहे. ट्रॉम्बेचा खतकारखाना गेल्या सुमारे पाव शतकापासून शहराचे मैलापाणी घेऊन, ते शुद्ध करून आपल्या कामासाठी वापरत आहे; एका केंद्राची क्षमता दररोज दोन कोटी लिटरांहून अधिक आहे. मैलापाणी हा माल आहे, केवळ घाण नव्हे, हे यावरून सिद्ध होते. गाळातला नत्र शेताकडे वळवावा, शुद्ध पाणी बागांना आणि उद्योगांना द्यावे, हे सर्व व्हायला हवे. पण दीड-दोन कोटींच्या शहराच्या पातळ झालेल्या मैलापाण्यातला सगळा नत्र वेचून शेतापर्यंत नेणे आज व्यवहारात बसत नाही. जेवढा परत वापरता येईल तेवढा वापरावा आणि उरलेला जीवाणूंच्या हाती द्यावा, हाच विवेक. मात्र जीवाणूंना हवा पुरेशी आणि वेळेवर न मिळाल्यास नत्रवायूऐवजी नायट्रस ऑक्साइड निर्माण होतो आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापकारक असतो. म्हणजे केंद्र चालवणे हे निष्काळजीपणाने करावयाचे काम नव्हे.

तेव्हा नागरिकांनी मागायचे काय? मागणी साधी आहे. प्रत्येक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील अमोनिया-नत्र आणि एकूण नत्र यांचे आकडे बी.ओ.डी.च्या आकड्याशेजारी नियमितपणे प्रसिद्ध व्हावेत. नव्या केंद्रांच्या कंत्राटदारांचे देयक केवळ टाक्या उभ्या राहिल्या यावर नव्हे, तर पावसाळ्यासह बारा महिने नत्राची मर्यादा पाळली गेली यावर अवलंबून असावे. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना खाडीच्या पाण्याचा अमोनिया तपासणे अवघड नाही. पूर्व उपनगरांतील विज्ञानशिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून ते वर्षभर करून घेतले, तर शासकीय आकड्यांना शेजारी मिळेल आणि विद्यार्थ्यांना पुस्तकातले नत्रचक्र आपल्याच दारातून वाहताना दिसेल.

जीवाणूंना मतदान नाही, संघटना नाही, पगारवाढ नाही. त्यांना हवा, अंधार, अन्न आणि वेळ एवढेच ठरलेल्या क्रमाने पाहिजे. तो क्रम सांभाळणे माणसांचे काम आहे, आणि जे मोजले जात नाही ते सांभाळलेही जात नाही, हा कचेऱ्यांचा जुना नियम आहे. ट्रॉम्बेच्या एका बाजूला हवेतून नत्र खेचण्याची विद्या आहे आणि दुसऱ्या बाजूला तो हवेत परत पाठवण्याच्या विद्येचे संशोधन करणारी संस्था आहे. दोन्हींच्या मध्ये खाडी पसरलेली आहे. तिच्या खात्यावर दररोज किती नत्र मांडला जातो, एवढा हिशेब तरी शहराने उघड केला पाहिजे.